उपवासाचे ओझे

राखेच्या बुधवारी आपण दरवर्षी संत मत्तयच्या शुभवर्तमानातील एकच उतारा ऐकतो. उपवास करणाऱ्याने तो माणसांना दाखवीत फिरू नये, नेहमीप्रमाणे प्रसन्न मुखाने वावरावे आणि आपल्या उपवासाची वार्ता केवळ स्वर्गीय पित्याला असू द्यावी, ही प्रभू येशूची शिकवण त्यात आली आहे. ती ऐकून झाल्यावर आपण कपाळावर राख लावून घेतो आणि ती न पुसता बाजारातून घरी येतो, ही गंमत अनेकांनी पूर्वीच बोलून दाखविली आहे. आम्हाला मात्र या उताऱ्याचा खरा अर्थ विचारला गेला तो चर्चमध्ये नव्हे, तहसील कचेरीसमोरच्या एका कापडी मंडपात.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. उपवासकाळ नुकताच सुरू झाला होता. आमच्या गावांतील विहिरी व बावखले यांतून रात्रंदिवस पाणी उपसले जाई आणि टँकर भरभरून ते शहरातील नव्या इमारतींना विकले जाई. फेब्रुवारी सरता सरता विहिरींचे पाणी मचूळ लागू लागले होते, केळी पिवळ्या पडत होत्या, भाजीचे वाफे करपत होते. निवेदने देऊन झाली, शिष्टमंडळे जाऊन आली. शेवटी धर्मग्रामातील काही मंडळींनी साखळी उपोषणाचा निर्णय घेतला. रोज अकरा जणांनी सकाळी नऊपासून सायंकाळी सहापर्यंत मंडपात बसायचे, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या अकरांनी. एके दिवशी त्या अकरांत आम्हीही होतो.

दुपारच्या सुमारास बाजार आटोपून परतणारी एक वयोवृद्ध मावशी मंडपापाशी थांबली. फलकावरील अक्षरे तिला वाचता येत नव्हती. तिने ती कोणाकडून तरी वाचून घेतली. मग म्हणाली, "बाबांनो, शुक्रवारचा उपास आपण देवाला सांगतो. हा उपास कोणाला सांगताय?"

"तहसीलदार साहेबांना, मावशी," आमच्यातील एक तरुण उत्तरला.

"मग सकाळी न्याहारी करून आलात, ते पण सांगितलंत का त्यांना?"

मंडपात हशा पिकला. आम्हीही हसलो, कारण त्या दिवशी सकाळी आम्ही खरोखरच पोटभर न्याहारी करून निघालो होतो. मावशी टोपली उचलून निघून गेली. तिचा पहिला प्रश्न मात्र गेला नाही. उपवास कोणाला सांगायचा?

मराठीत आपण व्रताचा तो उपवास आणि मागणीचे ते उपोषण असा भेद करतो. पण दोन्ही शब्दांचा धातू एकच आहे, आणि त्याचा मूळ अर्थ अन्न वर्ज्य करणे असा नसून जवळ राहणे, सन्निध वसणे असा आहे. व्रत करणारा देवाच्या जवळ बसतो. उपोषण करणारा कोणाच्या जवळ बसतो? आणि गुप्तपणे केलेले उपोषण हे तर उपोषणच नव्हे. ते दिसलेच नाही तर त्यात बळ कोठले? मग चळवळींतील हे साधन ख्रिस्ती माणसाला निषिद्धच मानायचे काय?

पवित्र शास्त्र याचे उत्तर इतके सोपे ठेवीत नाही. राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी, म्हणजे अवघ्या दोन दिवसांनी, मिस्साविधीत यशया संदेष्ट्याच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायातील वाचन येते. तेथे परमेश्वर लोकांच्या उपवासावर संतापला आहे. उपवास करता आणि त्याच दिवशी मजुरांना राबवून घेता, असा त्याचा आक्षेप आहे. त्याला हवा असलेला उपवास म्हणजे अन्यायाच्या बेड्या तोडणे आणि भुकेल्याला आपल्या भाकरीत वाटेकरी करणे. योनाच्या पुस्तकात निनवेचा राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसतो आणि गुराढोरांनीही काही खाऊ नये अशी दवंडी पिटवितो. याहून उघडा उपवास कोणता असेल? एस्तेर राणीची कथा तर थेट राजकारणाची आहे. तिच्या लोकांच्या संहाराचा हुकूम निघाला, तेव्हा तिने शूशन नगरीतील सर्व यहुद्यांना आपल्यासाठी तीन दिवस उपवास करण्यास सांगितले आणि स्वतःही केला. पण त्यानंतर ती राजाच्या दारात उपाशी बसली नाही. राजवस्त्रे लेवून ती आत गेली आणि राजाला तिने मेजवानीचे आमंत्रण दिले. उपवास देवापुढे, आणि मागणी राजाला पोटभर जेवू घालून! आमच्या चळवळींच्या इतिहासात ही युक्ती कोणी वापरल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

दुसऱ्याच्या दारात उपाशी बसण्याची प्रथा आपल्या देशात फार जुनी. तिला धरणे म्हणत. सावकार ऋणकोच्या दारात धरणे धरी, सैनिक थकलेल्या पगारासाठी सरदाराच्या तंबूपुढे बसत. १८०९ साली शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या पत्रांत अशा धरण्यांची वर्णने केली आहेत. ज्याच्या दारात धरणे धरले त्यानेही अन्न घेऊ नये असा संकेत होता. ब्राह्मण धरणे धरून मेला तर ब्रह्महत्येचे पातक माथी येईल, या भयावर त्या प्रथेचे बळ उभे होते. म्हणूनच १८६० च्या भारतीय दंडविधानात, देवाच्या कोपाचे भय घालून एखाद्याकडून काही करवून घेणे हा कलम ५०८ खाली गुन्हा ठरविण्यात आला आणि त्याचे पहिले उदाहरण म्हणून दारात धरणे धरणाराच दाखविला गेला.

आश्चर्य असे की हजारो मैलांवरच्या आयर्लंडमध्येही, प्राचीन कायद्यात, हीच प्रथा होती. बड्या माणसाकडून येणे असेल तर दुबळ्याने त्याच्या घरापुढे उपवास करायचा. मात्र तेथे एक नियम होता. समोरच्याने तडजोडीसाठी तारण देऊ केले की उपवास सोडलाच पाहिजे. त्यानंतरही जो उपाशी राहील त्याचा हक्क बुडाला. दुसऱ्याला हो म्हणण्याची वाट मोकळी ठेवणे हे उपवास करणाऱ्याचे कर्तव्य त्या जुन्या कायद्याने मानले होते. संत पॅट्रिकने डोंगरावर चाळीस दिवस उपवास करून प्रत्यक्ष देवाशीच घासाघीस केली आणि मागण्या मान्य झाल्याशिवाय उतरण्यास नकार दिला, अशी दंतकथा आयरिश लोक मोठ्या प्रेमाने सांगतात. असो.

आधुनिक काळातील ज्या एका उपवासाकडे आम्ही या प्रश्नासाठी पुनःपुन्हा वळतो, तो अमेरिकेतील कॅलिफोर्नियात १९६८ साली झाला. सीझर चावेझ हा मेक्सिकन वंशाचा कॅथलिक शेतमजूर. मंदीच्या काळात त्याच्या कुटुंबाची जमीन गेली आणि मुलेमाणसे मळ्यामळ्यांतून पिके काढीत भटकू लागली. तरुणपणी सॅन होजे येथे फादर डोनाल्ड मॅक्डॉनेल या धर्मगुरूंची गाठ पडली. त्यांनी त्याला तेराव्या लिओ पोपसाहेबांचे १८९१ चे श्रमिकांविषयीचे परिपत्रक समजावून दिले आणि पुस्तके वाचावयास लावले. त्याच काळात लुई फिशर यांनी लिहिलेले गांधीजींचे चरित्र त्याच्या हाती पडले. येरवड्याच्या तुरुंगातून निघालेला एक धागा असा डेलानोच्या द्राक्षमळ्यांपर्यंत पोहोचला.

१९६२ मध्ये चावेझने शेतमजुरांची संघटना बांधली. सप्टेंबर १९६५ मध्ये फिलिपिनो मजुरांनी द्राक्षमळ्यांत संप पुकारला आणि काही दिवसांतच, डेलानोच्या ग्वादालूपे मातेच्या चर्चच्या सभागृहात जमून, चावेझच्या मेक्सिकन मजुरांनीही त्यात उडी घेतली. पुढच्या वर्षीच्या उपवासकाळात ते ग्वादालूपे मातेचा झेंडा घेऊन राजधानी सॅक्रामेंटोकडे पायी निघाले आणि ईस्टर रविवारी, १० एप्रिल १९६६ रोजी, तेथे पोहोचले. यात्रा, प्रायश्चित्त आणि क्रांती हे तिन्ही शब्द त्यांच्या घोषवाक्यात एकत्र होते. त्याचबरोबर द्राक्षांवर बहिष्काराची मोहीम सुरू झाली. (बहिष्काराला इंग्रजीत जो शब्द आहे तोही १८८० साली आयर्लंडच्या मेयो परगण्यात एका जुलमी कारभाऱ्याच्या आडनावावरून पडला, आणि तो सुचविणारे फादर जॉन ओमॅली हे तेथले धर्मग्रामगुरू होते. अधिक पंडिती शब्द आपल्या शेतकऱ्यांना कळणार नाही, एवढेच त्यांचे कारण होते.)

संप लांबला. दोन वर्षे उलटून गेली तरी मळेवाले नमेनात. मजुरांच्या घरी खाण्याचे हाल, मळ्यांवर बाहेरून आणलेले दुसरे मजूर. संघटनेतील तरुणांचा धीर सुटू लागला. आता हात उचलल्याशिवाय भागणार नाही अशी भाषा सुरू झाली, काही ठिकाणी मालमत्तेला आगी लागल्या. अशा वेळी, फेब्रुवारी १९६८ च्या मध्यास, चावेझने अन्न सोडले. आणि हे त्याने प्रथम कोणालाच सांगितले नाही. काही दिवस गेल्यावर सभा बोलावून त्याने आपल्या लोकांपुढे ते उघड केले. हा उपवास मळेवाल्यांविरुद्ध नव्हता. आपल्याच माणसांच्या मनात शिरलेल्या हिंसेसाठी आणि नेता म्हणून स्वतःच्या उणिवांसाठी तो प्रायश्चित्त करीत होता. संघटनेच्या जागेतील पेट्रोलपंपाच्या इमारतीत, एका लहानशा खोलीत तो राहिला. तेथे रोज मिस्सा होऊ लागली. मजूर सहकुटुंब येऊन आवारात तंबू ठोकून राहू लागले.

संघटनेतील सर्वांना हे रुचले असे मात्र नाही. संप जिंकायचा की नोव्हेना करायची, असे काही जणांनी म्हटले. ज्यांचा धर्मावर विश्वास नव्हता त्यांना ही सारी भक्तिमार्गी नाटके वाटली. त्यांचा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेणार नाही. मूर्ती घडविण्याची हौस भक्तांना असते आणि मूर्ती होण्याचा मोह भल्याभल्यांना पडतो. पुढे सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच संघटनेत संशय आणि हकालपट्ट्या यांचे सत्र सुरू झाले, तेव्हा चावेझच्या शब्दाला आडवे जाणे त्याच्या निष्ठावंतांनाही कठीण झाले होते.

पण १९६८ चा उपवास आम्हाला निराळा वाटतो. १० मार्च रोजी, पंचविसाव्या दिवशी, हजारो मजुरांच्या समुदायात मिस्सा झाली आणि सिनेटर रॉबर्ट केनेडी यांच्या शेजारी बसून चावेझने भाकरीचा तुकडा खाल्ला. त्याला बोलण्याचे त्राण नव्हते. त्याचे निवेदन दुसऱ्यांनी वाचून दाखविले. आणि मळेवाले? त्यांनी त्या दिवशी काहीही मान्य केले नाही. करार झाले ते २९ जुलै १९७० रोजी, म्हणजे त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळाने. ते घडवून आणले बहिष्काराने, दूरदूरच्या शहरांत दुकानांपुढे उभ्या राहिलेल्या मजूर स्त्रीपुरुषांनी, द्राक्षे घेण्याचे नाकारणाऱ्या सामान्य गृहिणींनी आणि मध्यस्थी करणाऱ्या बिशपांच्या समितीने. मळेवाल्यांवर दबाव आणला तो बाजाराने. उपवासाने दबाव आणला असेल तर तो स्वतःच्या छावणीवर.

येथपर्यंत आम्हाला उत्तर सापडल्यासारखे वाटत होते. उपवास आपल्या माणसांना सांगावा, प्रतिपक्षाला नव्हे; मग तो दिसला तरी दोष नाही. मावशीलाही हे पटले असते. पण येरवड्याकडे वळताच हे उत्तर डळमळते.

ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला आणि त्यात अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गोलमेज परिषदेत झगडून ही मागणी मांडली होती. गांधीजींनी येरवडा तुरुंगात २० सप्टेंबर रोजी प्राणांतिक उपोषण आरंभिले. त्यांचे म्हणणे चावेझच्या म्हणण्यापेक्षा वेगळे नव्हते. हा उपवास आपल्या माणसांसाठी आहे, सवर्ण हिंदूंची सदसद्विवेकबुद्धी जागी व्हावी यासाठी आहे, असे ते प्रामाणिकपणे मानीत होते. त्या आठवड्यात देशभर अनेक देवळे आणि विहिरी अस्पृश्यांना खुल्या झाल्या, हेही खरे.

पण त्या दिवसांत झोप कोणाची उडाली होती? सवर्ण हिंदूंच्या घरोघरी चिंता असेल, प्रार्थना असतील. निर्णयाचे ओझे मात्र एकाच माणसाच्या खांद्यावर येऊन पडले होते, आणि तो उपवासकर्त्याच्या आपल्या माणसांपैकी नव्हता. गांधीजींचे प्राण गेले असते तर गावकुसाबाहेरच्या वस्त्यांवर काय प्रसंग ओढवला असता, हे बाबासाहेबांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. २४ सप्टेंबर रोजी पुणे करारावर सह्या झाल्या. स्वतंत्र मतदारसंघ गेले. निवाड्यातील ७१ जागांच्या ऐवजी संयुक्त मतदारसंघांत १४८ राखीव जागा मिळाल्या. २६ तारखेला उपवास सुटला. आकड्यांत पाहिले तर लाभ दुपटीहून अधिक. तरीही बाबासाहेबांच्या मनातील कडवटपणा गेला नाही. १९४५ साली काँग्रेस व गांधीजी यांच्यावर लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी तो सविस्तर मांडला. ज्याला नाही म्हणण्याची मोकळीक नव्हती, त्याच्या होकाराला काय किंमत द्यायची, हा त्यांचा प्रश्न आजही आमच्यापुढे उभा आहे.

उपवास करणाऱ्याचा हेतू शुद्ध असू शकतो. परंतु त्याच्या भुकेचे ओझे कोठे जाऊन पडेल हे त्याच्या हेतूवर ठरत नाही. पाणी जसे उताराकडे जाते, तसे ते ओझे ज्याच्या हाती सर्वांत कमी आहे त्याच्याकडे घरंगळत जाते. नीतिविचारात हेतू व कृती यांच्या जोडीला परिस्थितीही तपासावी, असे आपली ख्रिस्तसभा शिकवीत आली आहे. उपोषणाच्या बाबतीत परिस्थिती म्हणजे मुख्यतः एवढेच पाहणे, की ही भूक सोसावी कोणाला लागणार?

गांधीजींना याची जाणीव नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९१८ मध्ये अहमदाबादच्या गिरणीकामगारांसाठी केलेल्या उपवासाविषयी त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात कबुली दिली आहे: गिरणीमालक आपले स्नेही होते, त्यांच्यावर स्नेहाचा दबाव आला, तेवढ्यापुरता तो उपवास सदोष होता. राजकोटचे उदाहरण त्याहून बोलके. मार्च १९३९ मध्ये तेथील संस्थानिकाने वचन मोडले म्हणून गांधीजींनी उपवास केला, व्हाइसरॉयच्या मध्यस्थीने तो चार दिवसांत सुटला, आणि सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांनी निवाडाही गांधीजींच्या बाजूने दिला. मे महिन्यात गांधीजींनी तो निवाडाच परत केला! ठाकोरसाहेबांचे हृदयपरिवर्तन करण्याऐवजी आपण वरिष्ठ सत्तेकरवी त्यांच्यावर जोर आणला, तेव्हा ही अहिंसा नव्हे, असे त्यांनी जाहीर केले. जिंकलेला निकाल दबावाच्या कारणास्तव परत करणारा दुसरा पुढारी आम्हाला आठवत नाही. येरवड्याच्या बाबतीत असे काही त्यांच्याकडून घडले नाही, याची रुखरुख त्यामुळेच अधिक वाटते.

येथे आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. उपोषण प्रभावी होते ते उपवासकर्त्याच्या घरी अन्न असते म्हणून. त्याला जेवता आले असते आणि तो जेवत नाही, याचा जगाला धक्का बसतो. जो रोजच अर्धपोटी झोपतो त्याच्या भुकेची बातमी होत नाही. त्याला उपोषणाचे हत्यार उपलब्धच नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले ते या दृष्टीने पाहावे. तेथे बाबासाहेब आणि त्यांच्या मागून हजारो माणसे तळ्याच्या पायऱ्या उतरली आणि त्यांनी ओंजळीने पाणी प्याले. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या तहानलेले ठेवले त्यांचा सत्याग्रह पाणी टाकण्याचा कसा असेल? तो पिण्याचाच असणार. मिस्साविधीत आपण सारे एका मेजापाशी येतो, त्याचा अर्थ महाडच्या त्या ओंजळीशी फार जवळचा आहे, असे आम्हाला वाटते.

आयर्लंडमधील १९८१ च्या उपोषणाचा उल्लेख टाळता येणार नाही, कारण ते बहुतांशी कॅथलिकांचे होते आणि त्याने ख्रिस्तसभेला फार छळले. उत्तर आयर्लंडच्या मेझ तुरुंगातील कैद्यांनी राजकीय दर्जाच्या मागणीसाठी अन्न सोडले. बॉबी सँड्स हा सत्तावीस वर्षांचा तरुण उपोषण चालू असतानाच ब्रिटिश संसदेवर निवडून आला आणि सहासष्टाव्या दिवशी, ५ मे रोजी, मरण पावला. त्याआधी दुसऱ्या जॉन पॉल पोपसाहेबांनी आपले सचिव फादर जॉन मॅगी यांना त्याच्याकडे पाठविले होते. त्याने मन बदलले नाही. त्याच्यामागून आणखी नऊ जण गेले. ही आत्महत्या की बलिदान, यावर धर्मगुरूंत एकमत झाले नाही आणि आम्हीही तो निवाडा करण्यास बसलेलो नाही. आम्हाला दिसतात त्या तुरुंगाच्या इस्पितळाबाहेर बसलेल्या आया. मुलगा बेशुद्ध पडला की त्याला अन्न द्यावे की नाही याची संमती आता आईने द्यायची. दिली तर मुलाचा शब्द मोडला, न दिली तर मुलगा गेला. ब्रिटिश सरकार झुकले नाही, कैदी झुकले नाहीत, आणि सारे ओझे पुन्हा घरंगळत त्या बायकांच्या पदरात आले. फादर डेनिस फॉल यांनी कुटुंबांना एकत्र आणून, तुम्ही संमती द्या, यात पाप नाही, असे धैर्याने सांगितले. ३ ऑक्टोबर रोजी उपोषण संपले. कैद्यांच्या काही समर्थकांनी त्या धर्मगुरूंना विश्वासघातकी ठरविले.

मणिपूरच्या इरोम शर्मिला यांचे ओझे तर त्यांच्या चाहत्यांनीच वाढविले. मालोम येथे दहा नागरिक सैनिकांच्या गोळ्यांना बळी पडल्यावर, नोव्हेंबर २००० मध्ये, सशस्त्र दलांना विशेष अधिकार देणारा कायदा रद्द व्हावा म्हणून त्यांनी अन्नपाणी सोडले आणि सोळा वर्षे त्यांना नाकातील नळीने जगविण्यात आले. ९ ऑगस्ट २०१६ रोजी त्यांनी तळहातावरील मध चाटून उपोषण सोडले, तेव्हा त्यांना राहावयास जागा देण्यासही लोकांनी विरोध केला. पुढच्या वर्षी निवडणुकीत त्यांना नव्वद मते पडली. तिने उपाशीच राहावे, असा जणू हक्क समाजाला प्राप्त झाला होता!

आता आमच्या मंडपाविषयी. सहा वाजले तेव्हा उपोषणार्थींना लिंबाचे सरबत देण्यात आले. ते ज्या सद्गृहस्थांकडून आले होते त्यांच्या वाडीतील विहिरीवर रोज रात्री टँकर भरत होते. आमच्यासोबत बसलेल्या अकरांपैकीही दोघांच्या विहिरींचे पाणी जात होते. हे त्या दिवशी आम्हाला ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. सर्वांनाच ठाऊक होते. पाणी काही सरकारने उपसले नव्हते. ते आमच्याच धर्मग्रामातील, रविवारी आमच्याच बाकावर बसणाऱ्या माणसांनी विकले होते. कोणाला मुलीच्या लग्नाचे कर्ज होते, कोणाला शेतीत राम उरला नव्हता. त्यांच्याशी बोलण्याचा संकोच वाटला म्हणून आम्ही तहसीलदारांशी बोलायला गेलो. तहसीलदारांनी लेखी आश्वासन दिले, काही आठवडे टँकर थांबले, त्या काळात परगावाहून आलेल्या चालक-क्लीनर पोरांचा रोजगार बुडाला, आणि मे महिन्यात टँकर पुन्हा सुरू झाले. आमच्या उपोषणाची भूक सोसली असेल तर ती त्या पोरांनी.

या वर्षी पुन्हा मंडपाची भाषा निघाली आहे. विहिरी गेल्या खेपेपेक्षा खाली गेल्या आहेत, खारेपणा शेजारच्या गावांपर्यंत पोहोचला आहे. उपोषण करायचेच तर ते कचेरीसमोर न करता गावातच करावे, फलक न लावता करावे, आणि न्याहारी न करता करावे, अशी सूचना एकाने मांडली आहे. दुसऱ्याचे म्हणणे असे की त्यानेही विहीरमालकांची कोंडीच होईल. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याच्या अंगणात चाळीस माणसे उपाशी बसविणे हे येरवड्याहून वेगळे काय? प्रथम त्यांच्या कर्जाचे काय करता येईल ते पतपेढीत पाहा, मग उपासाचे बोला. या म्हणण्यात तथ्य आहे असे आम्हाला वाटते, जरी त्यामुळे पाण्याचा प्रश्न आणखी एक उन्हाळा लांबेल अशी भीतीही वाटते.

येत्या शुक्रवारी क्रुसाच्या वाटेनंतर चर्चच्या सभागृहात बैठक ठेवली आहे. विहिरींचे मालक यायला तयार झाले आहेत. दिवस उपवासकाळातील शुक्रवारचा असल्याने चहाबरोबर काही खायला ठेवावे की नाही यावर मंडळींत वाद चालू आहे. एस्तेर राणीची आठवण देऊन आम्ही ठेवावे या बाजूने मत दिले आहे.